बाहेरगावची आजी

खोटं बोलायची सवय माणसाला पोटासाठी लागते आणि निवृत्तीनंतरही ती काही पेन्शनीत निघत नाही. ऑपरेटरबाईंचं तसंच झालं. एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर त्यांची सारी नोकरी गेली. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणाऱ्या दिव्यांची रांग आणि तोंडात एक वाक्य कायमचं ठरलेलं: "साहेब बाहेरगावी गेलेत." साहेब काचेपलीकडे नखं कापत बसलेले असले तरी बाहेरगावी. एक साहेब तर खुर्चीतच वारले आणि कंपनीने बातमी जाहीर करीपर्यंत तेही बाहेरगावीच होते. विचारणाऱ्याला उत्तराशिवाय सोडायचं नाही, हा बोर्डचा धर्म. उत्तर खरंच असावं, असं मात्र त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं.

नोकरी संपायला आणि आई अंथरुणाला खिळायला एकच गाठ पडली. लग्नाचं आधीच राहून गेलं होतं. म्हणजे आधी बाई वायरीला बांधलेल्या, मग आईच्या खाटेला. आई गेली तेव्हा भेटायला आलेली माणसं चपला घालता घालता हळूच म्हणाली, "सुटलात हो." बाईंना ऐकून लाज वाटली आणि खरंही वाटलं. पण मोकळी झालेली बाई लोकांच्या डोळ्यांत खुपते. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी "तेवढंच मन रमेल" म्हणत त्यांचं नाव पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात देऊन टाकलं. तिथे म्हाताऱ्या माणसांनी दुपारी यायचं, मुलांना गोष्टी सांगायच्या, त्यांना झोपवायचं, असा उपक्रम होता. बाईंना नाही म्हणता आलं नाही. भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

पाळणाघर तळमजल्यावर होतं आणि वर दातांचा दवाखाना. मधूनच वरून यंत्राची कुरकुर यायची आणि मुलं खेळता खेळता गप्प व्हायची. आत सगळं गुडघ्याच्या उंचीचं: बेसिन, नळ, खुंट्या, आरसा. त्या आरशात बाईंना स्वतःचं पोट तेवढं दिसायचं. खुर्च्या अशा, की बसणं सोपं, पण उठायला दोन माणसं लागायची. मुलांनी बाहेर पळू नये म्हणून दाराला खास कडी होती. ती दाबायची, दाबता दाबता फिरवायची आणि मग वर उचलायची. चार वर्षांची पोरं ती बघता बघता उघडायची, अडकायचे ते म्हातारे. संधिवाताच्या बोटांना ती कडी दाद देत नसे. घरी जायची वेळ झाली, की सगळे आजी-आजोबा दाराशी घुटमळत उभे असायचे, कुणी ताई येऊन सोडवील म्हणून. त्यातले एक निवृत्त मोजणीदार आजोबा म्हणायचे, "तुरुंग परवडला. तिथे चांगल्या वागणुकीबद्दल लवकर तरी सोडतात."

बाईंचा दुसराच आठवडा असेल. गाद्या अंथरून झाल्या होत्या, पडदे ओढले होते. कोपऱ्यातल्या गादीवर नव्याने आलेली एक मुलगी रडत होती. घरी तिला बिट्टी म्हणत, म्हणून इथेही ती बिट्टीच. रडणं मोठं नव्हतं, पण थांबतही नव्हतं, नळ नीट बंद न केल्यासारखं. ताया कंटाळून गेल्या होत्या. ऑपरेटरबाई भिंतीला धरून कशाबशा खाली बसल्या. बिट्टीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं: पांढरे आखूड केस, जाड चष्मा, हनुवटीवर तीळ. तिचं रडणं एकदम थांबलं.

"आजी, तू कुठे गेली होतीस?"

दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, बाळा, मी ती आजी नव्हे. पण प्रश्न कानावर पडला आणि जिभेने मेंदूला न विचारताच काम केलं.

"बाहेरगावी गेले होते."

"बाबा पण तसंच म्हणाले," बिट्टी म्हणाली. तिने बाईंचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि ती गाढ झोपली. सगळ्या ताया कौतुकाने बघत राहिल्या. बाईंनाही मनातून बरं वाटलं, नाही असं नाही.

संध्याकाळी बिट्टीचा बाप न्यायला आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत काळं ग्रीस. बिट्टीची आई रुग्णालयात नर्स, तिच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून आणणं-नेणं त्याच्याकडे होतं. बिट्टीने त्याला हाताला धरून ओढत आणलं. "बाबा, बघ. आजी आली बाहेरगावाहून." लिफ्टवाल्याने बाईंकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने पोरीला उचललं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो दाराबाहेर वाट बघत उभा होता. बाईंना वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"माझी आई गेली, मावशी. चार महिने झाले," तो म्हणाला. "मी त्या दिवशी एका लिफ्टच्या खड्ड्यात होतो. आत माणसं अडकलेली. घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. हिला आम्ही सांगितलं, आजी बाहेरगावी गेली."

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "मला काय माहीत. मी आजच तिला नीट सांगते."

"नको." तो इतक्या घाईने म्हणाला, की बाई दचकल्या. "रोज झोपताना विचारायची, आजी कधी येणार. काल पहिल्यांदा विचारलं नाही. चार दिवस असंच चालू द्या. मग मी सांगतो तिला. बायको तर कधीची मागे लागलीय. म्हणते, तुझी आई, तूच सांग."

चार दिवस म्हणजे किती, हे आपल्यात कुणी कुणाला विचारत नाही. बाईंनीही विचारलं नाही. कुणाचं तरी मेलेलं माणूस आपल्या चुकीने जिवंत झालं, आता चार दिवस ते जगवायला काय हरकत आहे, असा त्यांनी विचार केला. चांगली माणसं फसतात ती अशाच विचारांनी.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. बोट दिलं की मनगट धरतात म्हणतात, इथे पहिल्याच दिवशी मनगट गेलं होतं, पुढे काय काय जाणार ते कळत नव्हतं. लिफ्टवाला सकाळी कामावर जाताना बाईंच्या घरावरून जायचा आणि दारातूनच थोडं थोडं सांगायचा. आई बिट्टीला "पिल्लू" म्हणायची. झोपवताना पाठीवर थोपटायची नाही, नखांनी हळूच खाजवायची. दूध गार करताना दोन पेल्यांत वरखाली करायची. बाई ऐकून घ्यायच्या आणि दुपारी तसं करायच्या. मग एक दिवस त्याने एक शाल आणून दिली. "तिचीच आहे. धुतलेली नाही. बिट्टीला वास ओळखीचा आहे." ती शाल अंगावर घेतली की बाईंना वाटायचं, आपण हळूहळू पुसले जातोय. पण बिट्टी तिच्यात नाक खुपसून झोपायची, मग काय बोलणार?

एक दिवस बाईंना ताप आला आणि त्या गेल्या नाहीत. दुपारीच मोठ्या बाईंचा फोन. या मोठ्या बाई म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या, वयाने ऑपरेटरबाईंना मुलगी शोभतील एवढ्या. "बिट्टीने सगळी खोली उठवलीय हो. तिला वाटतंय तुम्ही परत बाहेरगावी गेलात. नुसतं येऊन बसलात तरी चालेल. रिक्षा पाठवू का?" बाई तापात उठून गेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो मारणारी माणसं सगळी गोड होती, हे त्यात आणखी वाईट.

मधल्या काळात दुसरा एक फोन आला. ऑफिसात बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीचा. बोर्डवर सगळ्यांना खुर्चीच्या नंबराने हाक मारायचे. बाई एक नंबर, ही दोन नंबर, आणि अजूनही ती तशीच बोलायची.

"काय गं एक, येतेस ना माझ्याकडे कायमची राहायला? वरची खोली रिकामी केलीय. खिडकीतून समुद्र दिसतो. सकाळी कुणी उठवणार नाही, दुपारी कुणी विचारणार नाही."

"येते म्हटलं ना."

"तू दोन महिने येतेच आहेस. हे बघ, माझी भाची खोली मागतेय. एक तारखेपर्यंत आलीस तर तुझी, नाही तर तिला देते. राग मानू नकोस."

"एक तारखेला येते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःसाठी काही हवं होतं. फार मोठं नाही, एक खोली आणि जिच्यात कुणी हाक मारणार नाही अशी एक दुपार. ते मिळायला आठवडाभर उरला होता आणि मध्ये एक चार वर्षांची मुलगी मनगट धरून झोपली होती. आता बिट्टीला सांगायचं काय? परत बाहेरगावी चालले? ते फार सोपं होतं. पण बाहेरगावी गेलेली आजी एकदा परत आली होती. दुसऱ्यांदाही येईल याची बिट्टीला खात्रीच असणार. ती म्हातारी होईपर्यंत दाराकडे बघत बसली असती. जावं तर आड आणि राहावं तर विहीर, अशी बाईंची गत झाली.

त्यांनी लिफ्टवाल्याला गाठलं. "तुम्ही तिला कधी सांगणार?"

"सांगतो. या रविवारी."

"गेल्या रविवारीही हेच म्हणालात."

तो हसला आणि पिशवी खांद्यावर सरकवून निघाला. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढणारा हा माणूस, पण स्वतःच्या बाबतीत साधं बटणही दाबायला तयार नव्हता. बाईंना त्याचा राग यायला लागला होता आणि राग येतो याचंही त्यांना वाईट वाटत होतं.

त्यातच बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. बिट्टी झोपायच्या आधी अधूनमधून प्रश्न विचारायची. "आजी, तुझे गुडघे दुखतात का अजून?" बाई म्हणायच्या, नाही गं, आता नाही दुखत. "तिथे थंडी असते का?" नाही, छान ऊन असतं. पोरं बोलतात काहीबाही, असं त्यांना वाटायचं. पण असं उत्तर दिलं की दुसऱ्या सकाळी लिफ्टवाला वेगळाच दिसायचा, दाढी केलेला, पायऱ्या भराभर उतरणारा. बाईंनी उभा जन्म दोन माणसांच्या मधोमध बसून काढला होता. कुठून बोलणं येतंय आणि कुठे जातंय, हे त्यांना जास्त दिवस कळल्याशिवाय राहणार नव्हतं.

गुरुवारी ते उघडच झालं. पडदे ओढलेले, मुलं झोपलेली, वरचं यंत्रही बंद होतं. बिट्टी शालीतून तोंड बाहेर काढून कुजबुजली, "आजी, बाबांनी एक विचारायला सांगितलंय. तू फोन केलास ना तेव्हा, बाबांनी कापला ना, दोनदा. म्हणून तू रागावलीस का? कानात सांग म्हणाले."

खड्ड्यात उतरलेला माणूस, खिशात वाजणारा फोन, तो कापणारा हात, सगळं बाईंना समोर दिसलं. उत्तर जिभेवर तयार होतं. नाही रागावले, म्हणायचं. दोन शब्द, बाप सुखी, पोर सुखी. पण उद्या तो काय विचारेल? परवा काय? चुकीची लाइन जोडली गेली आणि पलीकडचा माणूस मनातलं बोलायला लागला, तर ऑपरेटरने आधी वायर उपटायची असते. आपण आठवडेच्या आठवडे कान लावून बसलो, आणि वर त्याला उत्तरं देत राहिलो. लेकराच्या तोंडाने एक मोठा माणूस मेलेल्या आईशी बोलत होता आणि आई म्हणून बोलत होतो आपण. बाईंनी शाल अंगावरून काढली आणि घडी करून बाजूला ठेवली.

"बिट्टी, मी तुझी आजी नाही."

"आहेस. दिसतेस तर."

"दिसते, पण नाही. मी फोनच्या ऑफिसात होते. तुझी आजी बाहेरगावी नाही गेली. ती मेली."

बिट्टी उठून बसली. "मेली म्हणजे कधी येणार?"

"म्हणजे येणार नाही."

"फोन?"

"फोनपण नाही. मी आयुष्यभर फोन जोडले. जोडता आला असता तर मी दिला असता जोडून."

बिट्टीने घडी केलेल्या शालीकडे पाहिलं. "मग तू खोटं का बोललीस?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"बाबांना माहीत आहे, ती मेली ते?"

"हो."

आणि मग बिट्टी रडली. हे रडणं आधीसारखं नव्हतं. तिने तोंड वासून, पाय आपटून, घसा फाटेल असं रडायला सुरुवात केली. सगळी खोली उठली, तीही रडायला लागली. मोठ्या बाई धावत आल्या आणि काय झालं ते कळल्यावर डोक्याला हात लावून म्हणाल्या, "तुम्हाला आजच सुचलं का हे?" बाईंनी हात पुढे केला, तर बिट्टीने तो ढकलून दिला. तो ढकललेला हात मांडीवर ठेवून त्या पाळणाघर सुटेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मनगट मोकळं होतं आणि त्यांना रडू येत होतं.

लिफ्टवाला आला तेव्हा बाकीची मुलं गेली होती. बिट्टी सुजलेल्या डोळ्यांनी बूट घालायच्या बाकावर बसली होती.

"बाबा, ही आजी नाहीये," ती म्हणाली. "आपली आजी मेली. फोनपण लागत नाही तिला."

तो बाईंकडे वळला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी सांगणार होतो म्हटलं ना. चार दिवस थांबला असतात."

"चार दिवस म्हणजे किती?" बाईंनी शेवटी विचारलंच. "मी एक तारखेला हे गाव सोडून चाललेय, कायमची. तिला पुन्हा दाराकडे बघत बसवू?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तुमचा प्रश्न मला पोचला. तो तिच्या हाती पाठवायला नको होता."

त्या बुटक्या बाकावर तो बसला, गुडघे पार छातीला लागले. हत्यारांची पिशवी मांडीवर तशीच. मोठ्या बाई आत काहीतरी आवरत होत्या, बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या. बऱ्याच वेळाने, खाली बघतच, त्याने विचारलं, "रागावली असेल का हो ती?"

या वेळी मध्ये कुणी नव्हतं. बाईंनी त्याच्या झुकलेल्या मानेकडे पाहिलं. एवढा धडधाकट माणूस, दोन शब्दांसाठी तोंडाकडे बघत होता. ते शब्द देऊन टाकावेत असं बाईंना इतकं वाटलं, की त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी तिला ओळखत नव्हते."

त्याने मान हलवली, जणू हेच उत्तर असणार हे त्याला ठाऊक होतं. मग पिशवीवर डोकं ठेवून तो रडायला लागला. पाच महिन्यांचं साठलेलं होतं, ते लवकर संपणार नव्हतं. बिट्टी आधी लांबून बघत राहिली, मग जाऊन त्याच्या बुटावर पाय ठेवून उभी राहिली. बाईंनी पर्स उचलली. आता इथे आपलं काही काम नाही, असं त्यांना वाटलं.

"तू पण जाणार?" बिट्टीने विचारलं.

"हो."

"बाहेरगावी?"

"हो. खरंच बाहेरगावी. तिथे समुद्र आहे."

"परत कधी येणार?"

"नाही येणार."

"खरं?"

"खरं."

बिट्टीने हे तोंडात धरून ठेवलं, चव बघितल्यासारखं. बापाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"मग आज उशिरा जा," ती म्हणाली.

बाईंनी पर्स खाली ठेवली आणि बाकावर लिफ्टवाल्याच्या शेजारी जागा करून त्या बसल्या.